प्रोस्टेट कर्करोगातली फ्यूजनं: सर्रास सापडतं ते एक, औषध आहे ते दुसरं

जनुकीय तपासणीचा अहवाल हातात पडतो. सात-आठ पानं, बरीचशी न कळणारी, आणि मध्येच ठळक अक्षरांत एक ओळ: ‘टीएमपीआरएसएस२–ईआरजी फ्यूजन आढळले’. घरातलं कुणीतरी ती ओळ धरून रात्रभर वाचत बसतं. फुप्फुसाच्या कर्करोगात फ्यूजनवर गोळ्या आहेत, रक्ताच्या एका कर्करोगाचं तर अशा गोळीने रूपच पालटलं, एवढं त्यातून समजतं. सकाळी डॉक्टरांपुढे प्रश्न जातो: मग आमच्या फ्यूजनवर गोळी कुठली?

हा आढावा त्याच प्रश्नासाठी आहे. उत्तर आधीच सांगून टाकतो, कारण शेवटच्या परिच्छेदापर्यंत कुणाची आशा टांगती ठेवणं मला बरोबर वाटत नाही. प्रोस्टेटमध्ये जे फ्यूजन सर्वांत जास्त सापडतं, थेट त्याच्यावर नेम धरणारं मंजूर औषध आज नाही. ज्या प्रकारच्या फ्यूजनांवर औषधं आहेत, ती प्रोस्टेटमध्ये शंभरात एखाद-दुसऱ्या रुग्णात, काही तर त्याहूनही विरळ. त्यामुळे अहवालात ‘फ्यूजन’ हा शब्द दिसला की औषधाचं नाव विचारण्याआधी फ्यूजनचं नाव नीट वाचावं. सगळा निर्णय त्या नावावर फिरतो.

बटण एकाचं, यंत्र दुसऱ्याचं

फ्यूजन म्हणजे दोन वेगळी जनुकं तुटून भलत्याच जागी एकमेकांना चिकटणं. जोडाक्षरात एका अक्षराचा अर्धा भाग दुसऱ्याला लागतो आणि उच्चार बदलतो, तसंच काहीसं. २००५ पर्यंत बहुतेकांचा समज असा होता की हा प्रकार रक्ताच्या कर्करोगांचा आणि सार्कोमांचा, म्हणजे हाडं-स्नायूंसारख्या ऊतींतल्या कर्करोगांचा. प्रोस्टेटसारख्या सर्रास होणाऱ्या घन गाठींमध्ये त्याला फारसं स्थान नाही. त्या वर्षी मिशिगन विद्यापीठातल्या अरुल चिन्नय्यन यांच्या प्रयोगशाळेने, स्कॉट टॉमलिन्स यांच्या कामातून, हा समज मोडला. त्यांची युक्ती मला आजही फार आवडते. सगळे सरासरी बघत होते. त्यांनी सरासरीकडे पाठ फिरवून अशी जनुकं शोधली जी थोड्याच रुग्णांत, पण त्या रुग्णांत प्रचंड प्रमाणात, चालू होती. त्या यादीत ईआरजी आणि ईटीव्ही१ ही दोन नावं वर आली. दोन्ही ईटीएस नावाच्या जनुकांच्या घराण्यातली. त्यांच्या पुढच्या टोकाला काय चिकटलंय हे पाहिलं, तर टीएमपीआरएसएस२. (करोनाचा विषाणू पेशीत कसा शिरतो हे ज्यांनी वाचलं असेल त्यांना हे नाव ओळखीचं वाटेल. जनुक तेच.)

टीएमपीआरएसएस२ आणि ईआरजी दोघं २१व्या गुणसूत्रावर, सुमारे ३० लाख अक्षरांच्या अंतरावर बसतात. अँड्रोजन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, प्रोस्टेटच्या पेशीत काम करू लागलं की डीएनएची घडी अशी पडते की ही दोन ठिकाणं एकमेकांजवळ येतात. त्याच वेळी डीएनएचा पीळ सोडवणारं विकर तिथे काप घेतं. काप चुकीचा सांधला गेला की मधला तुकडा गळून पडतो, किंवा दुसरीकडे जाऊन बसतो, आणि जोड तयार होते.

या जोडीत टीएमपीआरएसएस२ कडून येतं ते फक्त बटण. ते अँड्रोजनने दाबलं जातं. त्याला जोडलेलं यंत्र ईआरजीचं. परिणाम असा की प्रोस्टेटच्या पेशीत एरवी गप्प असलेलं ईआरजी प्रथिन अँड्रोजनच्या हुकुमावर भरमसाट तयार होऊ लागतं. ते प्रथिन नवं किंवा विचित्र नसतं. पुढून थोडं आखूड, बाकी जवळपास नेहमीचंच. चुकीच्या घरात, चुकीच्या प्रमाणात, एवढाच त्याचा दोष. औषध बनवणाऱ्यांची पंचाईत इथूनच सुरू होते.

युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये, शस्त्रक्रियेत काढलेल्या प्रोस्टेट गाठींपैकी जवळपास निम्म्यांत हे फ्यूजन असतं. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत प्रमाण कमी, पूर्व आशियात आणखी कमी. ईटीव्ही१, ईटीव्ही४, ईटीव्ही५ या भावंडांची फ्यूजनं मिळून आणखी काही टक्के.

दुसरा गट: किनेजची फ्यूजनं

आता दुसरी बाजू. २०१० मध्ये त्याच मिशिगनच्या गटाने प्रोस्टेटमध्ये रॅफ घराण्यातली फ्यूजनं दाखवली: एसएलसी४५ए३–बीरॅफ आणि ईएसआरपी१–रॅफ१. पुढे २०१३ मध्ये एफजीएफआर२ या जनुकाचं फ्यूजनही सापडलं. एनटीआरके आणि आरईटी यांची फ्यूजनं प्रोस्टेटमध्ये नोंदली गेली आहेत, पण फारच क्वचित. रॅफची फ्यूजनं प्रगत रोगात साधारण एक ते दोन टक्के.

ही सगळी किनेज. किनेज म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेटचा शिक्का मारणारं विकर. शिक्का मारायला त्याला एटीपी लागतं, आणि एटीपी बसण्यासाठी त्याच्या अंगात एक खोल, नीट आकाराची खोबण असते. त्या खोबणीत छोटा रेणू अडकवून ठेवला की शिक्का मारणं थांबतं. २००१ मध्ये आलेलं इमॅटिनिब हेच करतं. रक्ताच्या ज्या कर्करोगाचा उल्लेख वर आला, त्यातल्या बीसीआर–एबीएल फ्यूजनमधलं एबीएल हे किनेज आहे.

ईआरजीला अशी खोबण नाही. ते ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर आहे, म्हणजे डीएनएला धरून इतर जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन. डीएनएला धरणारा त्याचा भाग सपाट आणि विजेचा भार असलेला. छोट्या गोळीला पकडायला तिथे जागाच सापडत नाही. हा नियम अगदी अपवादाशिवाय नाही. रक्ताच्या दुसऱ्या एका कर्करोगात पीएमएल–आरएआरए या ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरच्या फ्यूजनवर ‘अ’ जीवनसत्त्वापासून आलेलं रेटिनॉइक आम्ल आणि आर्सेनिक यांनी विलक्षण यश मिळवलं. पण आरएआरए मुळात रेटिनॉइक आम्लाला धरण्यासाठीच घडलेलं आहे, त्याच्याकडे निसर्गतः खोबण आहे. ईआरजीकडे ती उसनी आणावी लागेल.

यात भर म्हणजे ईआरजी शरीरात इतरत्र कामाचं आहे. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात ते कायम असतं. पॅथॉलॉजिस्ट प्रोस्टेटच्या काचेवर ईआरजीचा डाग देतात तेव्हा आधी त्या वाहिन्याच रंगल्या आहेत ना हे पाहतात आणि मग डागावर भरवसा ठेवतात. रक्त बनवणाऱ्या मूळपेशींनाही ते लागतं. बीसीआर–एबीएलसारखं फ्यूजन निरोगी पेशीत नसतं, म्हणून त्याचं औषध बरंचसं रोगी पेशींनाच भोवतं. ईआरजी सरसकट बंद करणाऱ्या औषधाला ती सूट मिळणार नाही.

ईआरजीवर झालेले प्रयत्न: कुठल्यात किती दम

हा भाग सविस्तर मांडतो, कारण ‘ईआरजीवर नवं औषध’ अशा बातम्या वरचेवर येतात आणि त्या सगळ्या एका पायरीवरच्या नसतात.

थेट ईआरजीला धरण्याच्या वाटेवर वायके-४-२७९ हा रेणू बराच गाजला. तो मुळात युईंग सार्कोमातल्या ईडब्ल्यूएस–एफएलआय१ या फ्यूजनसाठी शोधला गेला होता. एफएलआय१ हे ईआरजीचं जवळचं भावंड, म्हणून प्रोस्टेटवाल्यांनी तो उचलला. त्याचं सुधारित रूप टीके२१६ युईंग सार्कोमाच्या रुग्णांमध्ये तपासलं गेलं, पण मोजक्याच रुग्णांना फायदा झाला. २०२२ मध्ये प्रयोगशाळेत असं दिसलं की टीके२१६ पेशी मारतं ते प्रामुख्याने सूक्ष्मनलिकांवर, म्हणजे पेशी विभाजनाच्या सांगाड्यावर, काम करून. ज्या प्रथिनासाठी औषध बनवलं त्याऐवजी ते दुसरीकडेच लागत होतं. एखादा रेणू ‘ईआरजी असलेल्या पेशी मारतो’ असं वाचलं, की तो ईआरजीमुळेच मारतो का, हे विचारायला मी याच उदाहरणावरून शिकलो.

२०१७ मध्ये चिन्नय्यन यांच्या गटाने ईआरजीला घट्ट धरणारे छोटे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांसारखे आखूड तुकडे, शोधले. त्यांनी ईआरजी पकडलं की पेशी ते मोडीत काढतात, आणि उंदरांमध्ये गाठींची वाढ रोखली गेली. कल्पना म्हणून ही मला सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण नेम खरोखर ईआरजीवर आहे. पण पेप्टाइडला पेशीत पोचवणं आणि शरीरात टिकवणं अवघड असतं. ईआरजी मोडीत निघू नये म्हणून त्याच्यावरची खूण पुसणाऱ्या यूएसपी९एक्स या विकराला अडवणं, फ्यूजनच्या जोडावर नेमका बसणारा आरएनए तुकडा मेदाच्या थेंबात घालून देणं, हेही प्रयोगशाळेत आणि उंदरांत करून झालं आहे. जोडावर बसणाऱ्या आरएनएचं वैशिष्ट्य लक्षात ठेवण्यासारखं आहे: तो जोड फक्त कर्कपेशीत असल्यामुळे रक्तवाहिन्यांमधलं ईआरजी त्यातून सुटतं. यातली एकही वाट अजून रुग्णाच्या औषधपेटीपर्यंत पोचलेली नाही.

दुसरी वाट वळसा घालून जाते. ईआरजीला डीएनएवर काम करायचं तर गुंडाळलेला डीएनए उघडा पडावा लागतो. तो उघडणारं यंत्रच मोडीत काढणारा एयू-१५३३० नावाचा रेणू २०२२ मध्ये समोर आला. त्याने अँड्रोजन रिसेप्टर (अँड्रोजनचा निरोप घेणारं प्रथिन) आणि ईआरजी दोघांचंही काम प्रयोगशाळेत एकदम ढासळलं. या दिशेबद्दल मला आशा आहे. फक्त हे यंत्र निरोगी पेशींतही असतं, त्यामुळे माणसाला किती मात्रा सोसेल यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

तिसरी वाट मोठ्या अपेक्षेने सुरू झाली होती आणि तिचा निकालही स्पष्ट लागला. २०११ मध्ये दिसलं की ईआरजी प्रथिन पार्प१ या डीएनए दुरुस्त करणाऱ्या विकराला चिकटून काम करतं आणि पार्प अडवल्यास फ्यूजन असलेल्या गाठी उंदरांमध्ये मंदावतात. पार्प अडवणारी औषधं तयारच होती. म्हणून अमेरिकेत एक क्लिनिकल ट्रायल झाली: हार्मोन उपचारांना न जुमानणारा, पसरलेला रोग असलेल्या १४८ पुरुषांची विभागणी केली, काहींना फक्त अबिराटेरोन हे हार्मोनवरचं औषध, काहींना त्याच्यासोबत पार्प अडवणारं व्हेलिपॅरिब. प्रत्येकाच्या गाठीत ईटीएस फ्यूजन आहे की नाही हे आधी तपासून दोन्ही गटांत सारखं वाटलं होतं. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन, उतरण्याचं प्रमाण नुसत्या अबिराटेरोनच्या गटात ६३.९ टक्के आणि जोड-औषधाच्या गटात ७२.२ टक्के, हा फरक योगायोगाच्या पलीकडचा ठरला नाही. आणि फ्यूजन असणं-नसणं यावरून कुणाला उपयोग होईल हे सांगता आलं नाही.

उंदरांतल्या कामावरून इतकी सरळ दिसणारी कल्पना माणसांत टिकली नाही, ही गोष्ट रुग्णांपर्यंत पुरेशी पोचलेली नाही असं मला वाटतं. आजही ‘ईआरजी आहे म्हणून पार्प औषध’ असा तर्क लिहिलेला दिसतो. त्या तर्काला रुग्णांमधला आधार मिळालेला नाही. पार्प औषधाचा निर्णय अहवालातल्या वेगळ्याच ओळीवरून होतो. तिच्याकडे पुढे येतो.

मग हार्मोन उपचार काय करतात?

इथे एक साधी गोष्ट निसटते. फ्यूजनचं बटण अँड्रोजनने दाबलं जातं, म्हणजे अँड्रोजन तोडणारा नेहमीचा उपचार हे बटणही सोडवतो. टीएमपीआरएसएस२–ईआरजी असलेल्या रुग्णाला हार्मोन उपचार मिळत असेल तर त्याच्या फ्यूजनवर उपचार होतच नाही असं म्हणणं चूक आहे. वरच्या टोकाकडून होतो. रोग हार्मोन उपचारांना न जुमानण्याच्या अवस्थेत गेला की अँड्रोजन रिसेप्टर पुन्हा जागा होतो आणि ईआरजीही पुन्हा वाढतं. अबिराटेरोन, एन्झालुटामाइड यांसारखी औषधं त्याच साखळीवर आणखी वरून घाव घालतात.

पण फ्यूजन आहे म्हणून ही औषधं निवडावीत, किंवा नाही म्हणून टाळावीत, असा नियम मात्र नाही. टॅक्सेन प्रकारच्या केमोबाबतही तेच. २०१४ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं की ईआरजी सूक्ष्मनलिकांच्या प्रथिनाला चिकटून डोसिटॅक्सेलचा परिणाम बोथट करू शकतं. रुग्णांमधली माहिती मात्र एका दिशेची नाही. फ्यूजन आहे एवढ्यावरून कुणी डोसिटॅक्सेल नाकारू नये, असं माझं ठाम मत आहे.

दोघांना एका तराजूत घालून

संख्येने पाहिलं तर ईआरजी मैलोन् मैल पुढे. निम्म्या रुग्णांचा प्रश्न त्याने सुटू शकला असता, म्हणूनच वीस वर्षं इतक्या प्रयोगशाळा त्याच्या मागे आहेत. औषधाच्या बाजूने पाहिलं तर पारडं उलटं झुकतं.

एनटीआरके फ्यूजन सापडलं तर लॅरोट्रेक्टिनिब (अमेरिकेत २०१८ पासून) आणि एन्ट्रेक्टिनिब (२०१९ पासून) ही औषधं गाठ कुठल्या अवयवात आहे हे न पाहता मंजूर आहेत. लॅरोट्रेक्टिनिबच्या पहिल्या एकत्रित अभ्यासात ५५ रुग्ण होते, वेगवेगळ्या सतरा प्रकारच्या गाठींचे, आणि ७५ टक्क्यांमध्ये गाठ लक्षणीय आकसली. आरईटी फ्यूजनसाठी सेल्परकॅटिनिबला २०२२ मध्ये अशीच अवयवनिरपेक्ष मंजुरी मिळाली. प्रोस्टेटमध्ये अशी फ्यूजनं इतकी विरळ आहेत की फक्त प्रोस्टेट रुग्णांचा मोठा अभ्यास होणं अवघड. इतर अवयवांतल्या निकालांवर विसंबावं लागतं. तरी ज्या एका माणसात ते सापडेल, त्याच्यासाठी ती ओळ अहवालातली सर्वांत मोलाची ठरू शकते.

रॅफ फ्यूजनची गोष्ट मधली आहे आणि इथे चुकीचं औषध निवडण्याचा धोकाही आहे. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगातल्या बीरॅफच्या बदलावर वेमुराफेनिबसारखी औषधं चालतात, तेव्हा बीरॅफ फ्यूजनवरही चालतील असं वाटणं स्वाभाविक आहे. पण मेलानोमातला तो बदललेला बीरॅफ एकटा काम करतो, फ्यूजनमधला जोडीने. जोडीतल्या एकाच्या खोबणीत पहिल्या पिढीचं औषध बसलं की दुसरा उलट जास्त चेततो. म्हणजे औषधाने आग विझण्याऐवजी भडकू शकते. अशा वेळी साखळीत खाली असलेल्या एमईकेला अडवणं, किंवा जोडीलाही आवरणारी नव्या पिढीची रॅफ औषधं, ही दिशा जास्त सयुक्तिक. त्यांपैकी टोव्होराफेनिबला २०२४ मध्ये मुलांच्या मेंदूतल्या मंद वाढणाऱ्या ग्लायोमासाठी मंजुरी मिळाली, आणि त्यात बीरॅफ फ्यूजन असलेल्या गाठी येतात. प्रोस्टेटसाठी ती मंजुरी नाही. एफजीएफआर२ फ्यूजनबाबतही तसंच: पित्तनलिकेच्या कर्करोगात पेमिगॅटिनिब २०२० पासून आहे, प्रोस्टेटमध्ये ते ट्रायलमधून किंवा मंजुरीबाहेरचा वापर म्हणूनच.

म्हणून किनेजची सगळी फ्यूजनंही एका पायरीवर ठेवू नयेत. एनटीआरके आणि आरईटी वरच्या पायरीवर, रॅफ आणि एफजीएफआर२ त्यांच्या खाली.

ज्या ओळी फ्यूजनच्या नाहीत

अहवाल वाचताना फ्यूजनच्या ठळक ओळीने डोळे दिपतात आणि तिच्या आजूबाजूच्या ओळी राहून जातात. उपचाराचा निर्णय बहुतेक वेळा त्याच फिरवतात.

बीआरसीए२, बीआरसीए१ आणि डीएनए दुरुस्तीची इतर जनुकं: पार्प औषधांचा खरा आधार इथे आहे. ओलापॅरिबला २०२० मध्ये मंजुरी मिळाली ती ज्या अभ्यासावरून, त्यात बीआरसीए१, बीआरसीए२ किंवा एटीएम यांत दोष असलेल्या रुग्णांमध्ये स्कॅनवर रोग पुढे सरकेपर्यंतचा मध्यक काळ (निम्म्या रुग्णांत रोग सरकायला लागलेला वेळ) ३.६ महिन्यांवरून ७.४ महिन्यांवर गेला. त्यातही बीआरसीएवाल्यांना सर्वाधिक लाभ. तेव्हा ईआरजी आहे आणि बीआरसीए२ शाबूत आहे अशा रुग्णापेक्षा, ईआरजी नाही पण बीआरसीए२ मोडलेलं आहे अशा रुग्णाचा पार्प औषधावर हक्क कितीतरी मोठा.

पीटेन: पेशीच्या वाढीला लगाम घालणारं जनुक. ते हरवणं हा ईआरजीचा जुना साथीदार. २००९ मध्ये उंदरांत दिसलं की एकट्या ईआरजीने पसरणारा कर्करोग होत नाही, पण पीटेनचा लगाम सुटला असेल तर दोघं मिळून गाठ बनवतात. रुग्णांतही ईआरजी फ्यूजन आणि पीटेन गमावणं बऱ्याचदा सोबत आढळतात. ईआरजीला हात लावता येत नसेल तर त्याच्या साथीदाराला लावावा, हा विचार मला पटतो. पीटेन गेल्यावर मोकाट सुटणाऱ्या एकेटी या किनेजला अडवणारं इपाटासर्टिब अबिराटेरोनसोबत दिल्यावर, पीटेन गमावलेल्या रुग्णांत रोग पुढे सरकेपर्यंतचा मध्यक काळ १६.५ वरून १८.५ महिन्यांवर गेला; फायदा होता, पण थोडा. पुढे कॅपिव्हासर्टिबच्या अभ्यासात, हार्मोन उपचार अजून लागू पडत असलेल्या अवस्थेत आणि पीटेन नसलेल्या गाठींत, तो २५.७ वरून ३३.२ महिने झाला. या औषधांनी जुलाब, पुरळ आणि रक्तातली साखर वाढणं हे त्रास होतात. मधुमेह असलेल्या माणसाने हे आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यायला हवं.

सीडीके१२ हे जनुक दोन्ही प्रतींत निकामी झालं की डीएनएत जागोजागी दुप्पट झालेले तुकडे आणि त्यातून ढीगभर फ्यूजनं तयार होतात. पसरलेल्या, हार्मोनला न जुमानणाऱ्या रोगात हे सुमारे ७ टक्के. अशा अहवालात फ्यूजनांची लांब यादी दिसते. ती सगळी औषधाची लक्ष्यं नव्हेत, बहुतेक मोडतोडीचा पसारा असतो.

चाचणी कुठली करायची

ईआरजीपुरतं विचारलं तर काचेवरचा प्रथिनाचा डाग, म्हणजे आयएचसी, सर्वांत सोपा आणि पुरेसा. फिश चाचणी डीएनएची मोडतोड दाखवते. दोघांचं उत्तर प्रत्येक वेळी जुळेलच असं नाही, आणि न जुळण्यातही अर्थ असतो: रोग न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे अँड्रोजनवर न चालणाऱ्या, रूपाकडे वळला आणि अँड्रोजन रिसेप्टर मावळला, की डीएनएत फ्यूजन तसंच राहतं, पण बटण दाबणारा नसल्याने ईआरजी प्रथिन बहुधा दिसत नाही. अशा गाठीत उद्या ईआरजीचं औषध आलं तरी त्याला धरायला काही नसेल.

किनेजच्या फ्यूजनांसाठी आरएनए सिक्वेन्सिंग अधिक भरवशाचं. डीएनए पॅनेल जनुकाच्या ठरावीक भागांवर नजर ठेवतं, तुटण्याच्या जागा मात्र बऱ्याचदा मधल्या लांबलचक, वगळलेल्या पट्ट्यांत असतात. आरएनएमध्ये त्या पट्ट्या गळून गेलेल्या असल्याने जोड सरळ वाचता येते. अडचण अशी की आरएनए नाजूक. प्रोस्टेटचा रोग हाडांत पसरतो, आणि हाडाचा तुकडा कापता यावा म्हणून तो आम्लात मऊ केला तर आरएनएची वाट लागते. हाडाची बायोप्सी जनुकीय तपासणीसाठी घेत असाल तर तुकडा आम्लाऐवजी ईडीटीएमध्ये मऊ करणार का, हे आधी विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो.

रक्तातून होणारी लिक्विड बायोप्सी सुईचा त्रास वाचवते. पण उपचार लागू पडून पीएसए तळाला गेलेला असताना रक्तात गाठीचा डीएनए जेमतेम असतो. अशा वेळी ‘फ्यूजन आढळले नाही’ याचा अर्थ ‘फ्यूजन नाही’ असा घेऊ नये.

आणखी एक. प्रोस्टेटमध्ये एकाच वेळी अनेक वेगळ्या गाठी असू शकतात, एकीत फ्यूजन, दुसरीत नाही. मात्र शरीरात इतरत्र पसरलेल्या गाठी पाहिल्या, तर एका माणसात त्या सगळ्यांत सहसा तेच फ्यूजन मिळतं. पसरलेल्या रोगाचा निर्णय दहा वर्षांपूर्वीच्या बायोप्सीवरून करण्याऐवजी पसरलेल्या ठिकाणचा ताजा नमुना मिळत असेल तर तो घ्यावा.

कुणी काय ठरवावं

रोग प्रोस्टेटपुरताच असेल आणि शस्त्रक्रिया की रेडिएशन की नुसती देखरेख असा विचार चालू असेल, तर फ्यूजन तपासून त्या निर्णयात काही बदलत नाही. स्वीडनमधल्या एका जुन्या अभ्यासात उपचाराविना देखरेखीखाली असलेल्या पुरुषांत फ्यूजन आणि मृत्यू यांचा संबंध दिसला होता. शस्त्रक्रिया झालेल्या पुरुषांच्या पुढच्या मोठ्या अभ्यासांत तो टिकला नाही. अहवालात ईआरजी आहे म्हणून ‘आपला रोग जास्त वाईट’ असं मनाला लावून घेऊ नका. या टप्प्यावर ग्लीसन श्रेणी (सूक्ष्मदर्शकाखाली गाठ किती आक्रमक दिसते ती), पीएसए आणि स्कॅन यांचं वजन जास्त.

रोग पसरलेला असेल तर तपासणी जरूर करा, पण पॅनेल असं निवडा ज्यात डीएनए दुरुस्तीची जनुकं आणि मायक्रोसॅटेलाइटची (डीएनएतल्या छोट्या, पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यांची) स्थिती आहे. पीटेन त्यात आलं तर उत्तमच. हार्मोन उपचार आणि केमो दोन्ही वापरून झाले असतील आणि वरच्यापैकी काहीच सापडलं नसेल, तर मग किनेज फ्यूजनसाठी आरएनए तपासणीचा आग्रह धरण्यात अर्थ आहे. सापडण्याची शक्यता कमी असते, पण सापडलं तर हातात काहीतरी येतं.

ईआरजीवरच्या औषधाच्या ट्रायलमध्ये जायचा विचार असेल तर तीन गोष्टी विचाराव्यात. औषध माणसांत पहिल्यांदाच दिलं जातंय का? तसं असेल तर हेतू सुरक्षित मात्रा शोधणं हा असतो, आणि ते स्वीकारून जाणं मला आदराचं वाटतं, फक्त समजून-उमजून जावं. प्रवेशासाठी फ्यूजन डीएनएत असलेलं चालतं की प्रथिन दिसायलाच हवं? आणि या ट्रायलमुळे आधीच सिद्ध झालेला एखादा उपचार पुढे ढकलला जातोय का? बीआरसीए दोष असलेल्या रुग्णाने पार्प औषध बाजूला ठेवून ईआरजीच्या प्रायोगिक औषधाकडे जाणं मला मान्य होणार नाही.

घरच्यांच्या मनातला, पण बहुतेकदा दबक्या आवाजात येणारा प्रश्न मुलांचा असतो. टीएमपीआरएसएस२–ईआरजी गाठीतच तयार होतं. ते बापाकडून मुलाकडे जात नाही. किनेजची फ्यूजनंही तशीच. बीआरसीए२ मधला दोष मात्र जन्मजात असू शकतो, आणि तसा असेल तर तो मुलग्यांइतकाच मुलींकडेही जातो, जिथे स्तनाचा आणि बीजांडकोशाचा कर्करोग हा धोका असतो. गाठीच्या अहवालात बीआरसीए२ दिसलं तर तो दोष जन्मजात आहे का, हे रक्त किंवा लाळ तपासून वेगळं ठरवावं लागतं. जनुकीय समुपदेशकाकडे जाताना मुलींनाही सोबत न्या.